मेश्राम मॅडमची एकवीस अक्षरं

सडक अर्जुनीच्या आमच्या शाळेत एके काळी कोणाचं काही फसलं की आम्ही "आर आला" म्हणायचो. रजेचा अर्ज परत आला, आर आला. क्लार्कच्या मुलाची सोयरीक मोडली, आर आला. आणि काम जमलं की "झिरो ओके". नवा मास्तर रुजू झाला की दोन-चार दिवस बिचारा भांबावून जायचा. शून्यावर खूश होणारी ही कसली शाळा, असं त्याला वाटत असणार. मग कोणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं, "अहो, ही मेश्राम मॅडमची भाषा आहे. लागेल सवय."

इंदू मेश्राम मॅडम गणिताच्या, मी मराठीचा. मराठीचा मास्तर म्हणजे काय, तर आयुष्यभर लोकांच्या चुका काढून पगार घेणारा माणूस. माझ्या खिशाला लाल पेन कायम. पोरगं "पानी" म्हणालं की माझा "पाणी!" तयार. "डोरा" म्हणालं की "डोळा! डोळा! ळ म्हण ळ!" आमच्या झाडीच्या बोलीत ळ नाही, ण नाही, श नाही. त्यांच्या जागी र, न आणि स. ही अक्षरं पोरांच्या तोंडात बसवणं हेच आपलं जीवितकार्य, अशी माझी पक्की समजूत होती. मी स्वतः कोहळी समाजाचा. आमच्या पूर्वजांनी या भागात तळी खोदली. माझी आई त्या तळ्याला "तरा" म्हणायची आणि आम्हाला "कोहरी". नागपूरच्या वसतिगृहात पोरं हसली, तेव्हापासून मी ते सगळं गिळून टाकलं होतं.

मेश्राम मॅडमनं काहीच गिळलं नव्हतं. बाई गणितात एम.एस्सी., पण वर्गात, स्टाफरूममध्ये, साहेबासमोर, सगळीकडे बोली एकच. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या होत्या, "सर, तुम्ही माह्यासी पुस्तकावानी काऊन बोलून राहिले?" मला राग आला.

त्यांचा कॉम्प्युटर आला तो एस.टी.तून. नागपूरचे कोणी प्राध्यापक नवं मोठं यंत्र घेणार होते, त्यांच्याकडून मॅडमनं जुना स्पेक्ट्रम घेतला आणि नायलॉनच्या पिशवीत, वर चार वांगी ठेवून, मांडीवर घेऊन आल्या. वांगी कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "वांग्याच्या पिसवीवर कोनी सामान ठेवत नाई." कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढं, थंड खोलीतलं प्रकरण, असं आम्ही वाचलेलं. हे तर पाटीपेक्षा लहान! काळं, खोडरबरासारखी बटणं, कोपऱ्यावर इंद्रधनुष्याचा पट्टा. याला स्वतःचा पडदा नाही, घरचा टीव्ही जोडायचा. याला स्वतःचं कपाट नाही, प्रोग्राम सगळे गाण्याच्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर लावला की पाच मिनिटं नुसती किरकिर आणि टीव्हीच्या कडेला पट्टेच पट्टे. किरकिर नीट संपली तर प्रोग्राम आत गेला. नाही गेला तर खाली इंग्रजीत एक ओळ यायची, तिच्या सुरुवातीला आर. सगळं सुरळीत असलं की शून्य आणि ओके. आमच्या शाळेची भाषा आली ती इथून.

त्या यंत्राचा इतिहास मॅडम सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना घराणं सांगावं तसा सांगायच्या. "याचा आजा ऐंसी सालचा. पांढरा होता, येवढासा, पन सामान्य मानसाच्या घरात सिरनारा पयला. याचा बाप एक्क्याऐंसीचा, कारा. त्याची यादसक्ती बापा किती, तं एक के! दोन पानं लिवली का पोट भरलं. आन हा स्पेक्ट्रम. अठ्ठेचारीस के, आन सात रंग!" विलायतेत घराघरातल्या पोरांनी जेवणाच्या टेबलावर हा मांडला, स्वतःच खेळ रचले, त्यातलीच पोरं पुढे मोठे इंजिनीअर झाली, किती देशांत याच्या नकला निघाल्या, हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. जसं काही त्यांच्याच भावाचं कौतुक. अठ्ठेचाळीस के म्हणजे किती? आज सकाळी तुमच्या फोनवर जो फुलाचा शुभेच्छांचा फोटो आला, तोही त्यात मावायचा नाही.

आणि सात रंगांचं म्हणाल तर मॅडमकडचा टीव्ही कृष्णधवल. पण त्या आम्हाला रंग सांगायच्या. "हा पट्टा निरा आहे, हा पिवरा." आम्हाला सगळंच राखाडी. एकदा मी खवचटपणे विचारलं, "मॅडम, हा पिवळा की निळा?" तर म्हणाल्या, "सर, यंत्राले मालूम आहे तो पिवरा आहे. टीव्हीले नाई दिसत तं त्यात यंत्राचा काय दोष?"

एक अडचण होती. त्यांच्या घरामागे राईस मिल. मिलची मोटर सुरू झाली की दाब खाली यायचा, दिवे मलूल व्हायचे आणि स्पेक्ट्रम सगळं विसरायचा. दोन तास टाइप केलेलं क्षणात साफ. मॅडम तडक मिलमध्ये गेल्या. मिलवाले सेठ हिंदी बोलणारे, सज्जन माणूस. त्या दोघांत ठरलं ते असं: मॅडमच्या गच्चीवर लाल टॉवेल दिसला की मोटर सुरू करायची नाही. सेठ गल्ल्यावर बसून वर बघायचे आणि ओरडायचे, "रुको भाई, मॅडम का टॉवेल लगा है!" धान घेऊन आलेले लोक बैलगाडीखाली टेकायचे आणि विचारायचे, का बा थांबली मिल? सांगणारा सांगायचा, मॅडम मसीनले सिकवून रायली. यावर कोणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

आता खरी गोष्ट. मॅडमची आई बिरजाबाई चिचगडला राहायची. मोहफुलं वेचली, तेंदूपत्ता तोडला, दुसऱ्याच्या धानाच्या बांध्यांत रोवणा केला आणि पोरीला एम.एस्सी. केली. छप्पन साली घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा ती लग्नाच्या वयाची पोर. घरातल्या बापाला, भावांना कोणी ना कोणी अक्षर शिकवलं, तिचं राहून गेलं. पन्नाशीला आल्यावर गावात प्रौढांचा वर्ग निघाला, तिथं ती गेली. चार दिवसांत परत. का, ते तिनं मलाच एकदा सांगितलं. "तो मास्तर मने, पाणी मन. मी मनलं, पानी. तो मने ण, मी मने न. सारे हासले. मी मनलं, माह्या घागरीत आहे ते पानीच आहे बापा, तुह्या पुस्तकातलं तू पी." एवढं सांगून ती मनसोक्त हसली. मी हसलो नाही. तो मास्तर मी नव्हतो, पण असतो तर मीही तेच केलं असतं.

मॅडमनं मनाशी ठरवलं होतं की आई मरायच्या आधी वाचणार, आणि या स्पेक्ट्रमवर वाचणार. पण यंत्राला मराठी कुठून येणार? त्यात इंग्रजीच. मात्र त्यात एक सोय होती, आणि मॅडमनं जाड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी लावून वाचत ती शोधून काढली. एकवीस घरं रिकामी ठेवलेली. त्यांत आपल्याला हवं ते चित्र आपण भरायचं. चित्र कसलं, तर आठ चौकोन रुंद, आठ चौकोन उंच. मॅडम मधल्या सुट्टीत आलेखाच्या कागदावर चौकोन काळे करत बसायच्या. "म" एकदा, "म" दहादा. आमच्या ड्रॉइंगच्या बाईंना वाटलं हा दुसुतीच्या भरतकामाचा नमुना आहे. त्यांनी तो मागून नेला आणि खरोखरच उशीच्या अभ्र्यावर भरला! मॅडम म्हणाल्या, "चांगला झाला. यंत्रापेक्षा गोल आला."

मग त्यांनी धडा लिहिला. बारा वाक्यं, निळ्या शाईत, आईच्या रोजच्या बोलण्यातली. आणि तो कागद माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "सर, पाहून घ्या."

पाहून घ्या! मराठीच्या मास्तराला! मी टोपण काढलं. "पानी आला" खोडून "पाऊस आला" केलं. "तरा भरला" चं "तळे भरले". "माय सेनानं सारवते" चं "आई शेणाने सारवते". शेवटचं वाक्य होतं, "माय वाचून रायली." त्याचं "आई वाचत आहे" करून खाली झोकदार सही ठोकली. कागद रक्तबंबाळ. मला वाटलं, बाई आभार मानतील.

मॅडमनं कागद घेतला आणि बोटावर काही मोजायला लागल्या. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग एवढ्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प झाली.

"सर! तुमच्या धड्यात काना सोडून, मात्रा धरून पंचवीस अक्षरं लागून राहिली. ळ, ण, श, आन आईतली ई. माह्या मायच्या धड्यात किती, मालूम आहे? एकवीस! काना तं त्याच्यात उभी दांडी आहेच, तिच्यावरच भागते. बरोबर एकवीस!"

"म्हणजे?"

"म्हंजे तुमची मराठी यात बसत नाई. मायची बसते."

मी चिडलो. यंत्रात बसत नाही म्हणून भाषा वाकवायची? हा कुठला न्याय? मॅडम शांतपणे म्हणाल्या, "वाकवली कोठं? हे असीच उभी होती. तुम्ही तिले वाकवून राहिले." तो कागद त्यांनी मलाच परत दिला. "ठेवा तुमच्यापासी. मले धडा पाठ आहे." मी तो रागारागानं घरच्या शब्दकोशात खुपसला.

बिरजाबाई वाचायची होती त्या दुपारी मीही गेलो होतो. राग होता तरी गेलो. एकेक अक्षर आधी महिनाभर मॅडमनं तिला आपल्या घरी ठेवून पाटीवर गिरवून घेतलं होतं, पण ओळ वाचायची ही पहिलीच वेळ. गच्चीवर लाल टॉवेल. मिल बंद. सेठ स्वतः टोपी हातात घेऊन दाराशी उभे. कॅसेट किरकिरायला लागली तशी म्हातारी म्हणाली, "काऊन बोंबलून रायला हा?" मॅडम म्हणाल्या, "त्याले भूक लागली, माय. खाऊन रायला." पहिल्यांदा आर आला. दुसऱ्यांदाही आर. मॅडमच्या कपाळावर घाम. त्यांनी टेपचं हेड कापसाच्या बोळ्यानं पुसलं, आवाज थोडा कमी केला, आणि तिसऱ्या वेळी आत गेलं.

पडद्यावर जाड, चौकोनी, वरची रेघ तुटक अशी अक्षरं आली. मराठीच्या मास्तराला ती बघवेनात. म्हातारी पुढे सरकली, टीव्हीच्या काचेवर बोट टेकवलं. "प... पा... नी. पानी. आ... ला." मग थांबली. पोरीकडे पाहिलं. "पानी आला?"

"पुढं."

"त... रा. तरा! तरा भ... भर... तरा भरला!" आणि तिनं टीव्हीवर अशी थाप मारली की सेठ दचकले. "अवो इंदू, हे तं मीच बोलून रायली!"

त्या दिवशी बारा वाक्यं वाचायला तिला तास लागला. शेवटचं आलं तेव्हा ती उभी राहिली. "माय... वा... चून... रायली." मग आमच्या सगळ्यांकडे वळून, एखादी खबर द्यावी तशी म्हणाली, "हो ना! वाचून रायली ना!" सेठनी डोळे पुसले. मी खिशातलं लाल पेन उगाच चाचपत बसलो.

पुढे भंडाऱ्याला विज्ञान प्रदर्शन होतं, तेव्हा आमचा जिल्हा भंडाराच होता. मॅडमनं तोच धडा मांडला. मदतीला म्हणून मी बरोबर गेलो. तपासायला आलेले एक साहेब पडद्यासमोर वाकले आणि भुवई उडवून म्हणाले, "पानी? तरा? तुमच्या शाळेत मराठीचे शिक्षक नाहीत का हो?"

मी तीन फुटांवर उभा होतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी शेजारच्या थर्माकोलच्या धरणाकडे तोंड फिरवलं. मी यांच्या शाळेचा नाहीच, अशा थाटात त्या धरणाचे दरवाजे मोजायला लागलो.

मागून मॅडमचा आवाज आला. "आहेत ना, साहेब. बहुत चांगले आहेत. त्याहीनं सारं लाल करून देल्लं होतं. पन यंत्रात एकवीस घरं आहेत, आन आमची बोली एकवीस घरांत राहाते. तुमचीले बंगला लागते. इथं बंगला नाई."

नंबर धरणालाच मिळाला. परतताना एस.टी.त मी म्हणालो, "मॅडम, मी बोलायला हवं होतं." त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "तुमचा आर आला, सर. होते. पुन्हा लावून पाहाचं." माझ्यावर त्या एवढ्याही रागावल्या नाहीत, हे मला आजही सोसत नाही.

पुढे शाळेत पंख्याखालचे मोठे कॉम्प्युटर आले. स्पेक्ट्रम कोणाला आठवेना. बिरजाबाई गेली, जाण्यापूर्वी चिचगडच्या बसवरच्या पाट्या वाचून दाखवायची, असं ऐकलं. मॅडम निवृत्त होऊन गोंदियाला, फुलचूरला राहायला गेल्या. मीही निवृत्त झालो.

गेल्या उन्हाळ्यात फोन. ना नमस्कार ना चमत्कार. "सर, तो लाल कागद तुमच्यापासी आहे का?"

चिचगडच्या वाचनालयात त्यांना स्पेक्ट्रम ठेवायचा होता, आईच्या नावानं. यंत्र चालत होतं, पण कॅसेट खराब झाली. दहा वेळा लावली, दहा वेळा आर. अक्षरांचे आलेख वहीत शाबूत होते, धडा मात्र आठवेना. बारापैकी पाचच वाक्यं आठवत होती. "रिकामी मसीन कायले ठेवाची? तिच्यात मायच नाई तं लोक काय प्लास्टिक पाहातीन?"

शब्दकोश काढला. कागद होता. पिवळा पडलेला, पण निळीही शाई होती आणि माझी लालही.

फुलचूरला घर शोधावं लागलं नाही. एका गॅलरीच्या कठड्यावर लाल टॉवेल. मी म्हणालो, "मॅडम, इथं कुठली मिल?" त्या म्हणाल्या, "त्याच्याबिगर माहे हात चालत नाई."

केस पांढरे, चष्मा जाड, पण पाठ ताठ. टेबलावर तोच स्पेक्ट्रम, आता रंगीत टीव्हीला जोडलेला. मॅडमनं ती खराब कॅसेट एकदा लावून दाखवली; पट्टा खरंच पिवळा होता. मॅडमनं नुसतं माझ्याकडे बघून मान हलवली. मग सांगितलं की शेजारचा इंजिनीअर मुलगा परवा येऊन बघून गेला. तो म्हणाला, आजी, आतल्या मेमरीचा एक पत्ता बदलला की एकवीस नाही, शंभराच्या आसपास अक्षरं बसतात, तुम्हाला माहीत नव्हतं का? मी चकित झालो. म्हणजे ळ बसला असता? ण बसला असता?

"सारे बसले असते," मॅडम म्हणाल्या. "बरं झालं तवा मालूम नव्हतं. मालूम असतं तं मी तुमचाच धडा लावला असता, सर. आन माय उठून गेली असती."

त्यांनी बाह्या सावरल्या. "वाचा. मी टाइप करते."

मी चष्मा लावला आणि सवयीनं सुरू केलं, "पाऊस आला. तळे भरले..."

बटणांवरची बोटं थांबली.

"लाल नाई, सर. निरं वाचा."

लाल रेघांखालून ते काढायला वेळ लागला. एकेका शब्दावर मीच आडवा पडलेलो. "पानी आला," मी वाचलं. "तरा..." आणि अडलो. चाळीस-पन्नास वर्षांत हा शब्द मी माझ्या तोंडानं उच्चारला नव्हता. माझी आई बांधावरून हाक मारायची, तऱ्यावर नको जाऊ रे. मी तिलाही सुधारायचो. तिच्या तोंडावर.

मॅडमनं घाई केली नाही.

"तरा भरला," मी म्हणालो. "माय सेनानं सारवते." एकेक ओळ उतरत गेली. बोटं म्हातारी, पण बटण चुकत नव्हतं. बारावी ओळ आली. खाली माझी झोकदार सही होती.

"माय वाचून रायली," मी पुटपुटलो.

"इतकं हरू? माही माय असी वाचत नव्हती." मॅडमनं शेवटचं बटण दाबलं आणि पडद्याकडे बोट केलं. चौकोनी, तुटक रेघेची अक्षरं एकामागून एक उमटत होती, या वेळी निळ्या रंगात. "आता तथून वाचा. जोरानं."

मी उठून उभा राहिलो आणि वर्गात वाचायचो त्या आवाजात वाचलं, "माय वाचून रायली!"

मॅडम हात मांडीवर ठेवून ऐकत होत्या. पडद्याच्या तळाला ओळ आली, ती त्यांनी वाचली नाही, मला वाचू दिली. झिरो ओके.